परसात एकच जागा उरलीय: कळलावी लावू की पेव?

तुळशीकट्टा, पर्वरी

नमस्कार मंडळी. अक्षय्य तृतीया झाली, पाऊस यायला महिना-सव्वा महिना उरलाय. त्याच्या आत एका जागेचा निर्णय करायचा आहे म्हणून विचारते.

माझे वडील काणकोणचे. गणेशचवथीच्या आदल्या दिवशी पहाटे ते रानात जायचे आणि दुपारपर्यंत माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या माथ्यावर रानफळं-फुलं बांधून टांगतात त्या चौकटीचं, सामान घेऊन यायचे. मालकांगोणीचे घोस, घागऱ्या, कवंडळं, आणि सगळ्यांच्या वर, ओल्या पंचात गुंडाळलेली कळलावी. आम्ही मुलं तिला वाघनखी म्हणायचो. तो पंचा उलगडताना आम्ही भोवती बसायचो. वडील गेल्यापासून गेली चार वर्षं माटोळीचं सगळं बाजारातून आणते. गेल्या चवथीला, म्हणजे २७ ऑगस्ट २०२५ च्या आदल्या दिवशी, बाजारात एका टोपलीत कळलावीचे वेल कंदासकट उपटून ठेवलेले पाहिले. कंदांना तांबडी माती तशीच चिकटलेली होती. मला राहवलं नाही, एक जुडी घेतली, फुलं माटोळीला बांधली आणि कंद कुंडीत पुरला. महिन्याभरात तो सडला. तेव्हापासून मनात आहे की आपल्या परसात आपलं एखादं रानफूल असावं, दरवर्षी कुणीतरी रानातून उपटलेलं विकत घ्यायला नको.

जागा अशी: मागच्या दारी फणस आहे, त्याची सावली दुपारपर्यंत असते. तीननंतर पश्चिमेचं ऊन थेट येतं. न्हाणीचं पाणी तिथूनच जातं, त्यामुळे जमीन बारा महिने ओलसर. एका बाजूला चिऱ्यांचा गडगा. लांबीला साधारण आठ हात, रुंदीला चार. नात अडीच वर्षांची आहे, शनिवार-रविवार इथेच असते आणि हाताला लागेल ते तोंडात घालते.

वहिनी म्हणते पेव लाव, त्याला काही करावं लागत नाही. माझा जीव कळलावीत. दोन्हींत जमेल कोणतं? ज्यांनी खरोखर लावलंय त्यांनीच सांगा, कृपा करून.


आजी, म्हापसा

बाये, कळलावी दारात लावू नकोस. नावातच कळ आहे. आमच्या सासूबाई म्हणायच्या, तिचं फूल घरात आलं की दोघांत भांडण लागतं. माटोळीला बांधतात ते देवाच्या माथ्यावर, ते वेगळं. पेव लाव. पांढरं शुभ्र फूल, देवालाही चालतं.


कुळागर, केरी-सत्तरी

ताई, माझ्याकडे दोन्ही आहेत. कळलावी बावीस वर्षं, पेव त्याच्याही आधीपासून, कारण तो मी लावलेलाच नाही. कुळागराच्या, म्हणजे आमच्या पोफळीच्या बागेच्या, पाटाच्या कडेला तो सासऱ्यांच्या वेळेपासून उभा आहे. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी उत्तर देऊन टाकते. त्या जागेत पेव लावा, याच पावसात. कळलावी त्या जागेत लावू नका. दोन कारणं आहेत. एक त्या जमिनीचं आणि दुसरं नातीचं.

जमिनीचं पहिल्यांदा सांगते, कारण तुमचा कंद का सडला ते त्यातच आहे. कळलावीला पावसाळ्यात पाणी हवं आणि दिवाळीनंतर पूर्ण कोरडं हवं. ती रानात कुठे दिसते ते आठवा. सड्याच्या (कातळपठाराच्या) कडेला, चिऱ्यांच्या फटीत, वंयीवर (कुंपणावर), करवंदाच्या जाळीत. पाणी पडतं आणि निथळून जातं अशा जागी. ऑक्टोबरात पानं पिवळी पडली की वेल वरून मरतो आणि कंद खाली मे महिन्यापर्यंत झोपतो. त्या झोपेत त्याला न्हाणीचं पाणी मिळत राहिलं तर तो कुजणारच. शिवाय बाजारातला कंद भर फुलात उपटलेला होता. त्या वेळी जुना कंद आटत आलेला असतो आणि नवा पुरता भरलेला नसतो. तुमचा हात वाईट नव्हता, कंदच अर्धवट होता.

आता नातीचं. हे मी कुणाला भीती घालायला लिहीत नाही, आमच्याच घरात घडलेलं आहे. साधारण पंधरा वर्षांपूर्वी, नोव्हेंबरात, सासूबाई गडग्याजवळच्या वाफ्यातून काटेकणगी, म्हणजे उकडून खायचे कंद, खणत होत्या. त्याच गडग्यावर माझी कळलावी चढलेली असायची. वेल तेव्हा सुकून गेलेला, वर काहीच खूण नाही. टोपली चुलीपुढे आली, मी कणगी धुवायला घेतली. मातीखाली सगळे कंद सारखेच दिसतात: बोटाएवढे जाड, तपकिरी, टोकाला निमुळते. एक हातात आला तो गुळगुळीत. काटेकणगीला बारीक मुळ्यांची खरखर असते, याला काहीच नाही. फिरवून पाहिला तर दोन बोटं फाकवल्यासारखा, मधून दोन फाट्यांत वळलेला. नांगराच्या फाळासारखा. संस्कृतात तिला लांगली म्हणतात ते ह्या आकारावरूनच. टोपलीत असे तीन निघाले. पाणी उकळायला ठेवलेलं होतं. मी चूल विझवली आणि सगळी टोपली लांब नेऊन पुरली, चांगली कणगीसुद्धा. सासूबाई त्या संध्याकाळी जेवल्या नाहीत.

कळलावीच्या सगळ्या भागांत कोल्चिसिन नावाचं विष असतं, कंदात आणि बियांत विशेष. शिजवल्याने ते जात नाही. हेच द्रव्य मोजून-मापून गाउटच्या औषधात वापरतात, त्यासाठी तमिळनाडूत शेतकरी कळलावीची शेती करून बिया विकतात. तिथलं ते राज्यफूलही आहे. म्हणजे वनस्पती मोठ्या मानाची आहे. पण अडीच वर्षांच्या मुलीच्या हाताशी ती नको. तिची शेंग पिकून उकलली की आत तांबड्या-नारिंगी मण्यांसारख्या बिया दिसतात. लहान मूल त्या उचलणारच.

म्हापशाच्या आजींना एवढंच सांगते: कळलावीतली कळ ती बाळंतिणीची कळ, असं आमच्याकडे जुन्या सुइणी सांगायच्या. कळा लागाव्यात म्हणून कंदाचा लेप लावत. तोही प्रकार आता कुणी करू नये. पण तुमच्या सासूबाईंनी तिला दारापासून दूर ठेवलं ते फार चांगलं केलं. दारात मुलं खेळतात.

आता पेव. तुमची जागा जणू त्याच्यासाठीच आहे. फणसाची सावली, ओली जमीन, थोडं तिरपं ऊन. पहिल्या चार-पाच सरींनंतर जमिनीतून तांबूस कोंब येतात. मग खोड वर चढतं ते सरळ चढत नाही, स्वतःभोवती वळत वळत जातं, आणि पानं त्या वळणावर जिन्याच्या पायऱ्यांसारखी लागतात. पानाची खालची बाजू गालावर लावून बघा, मखमलीसारखी असते. माझ्याकडे पाटाच्या काठचा पेव माणसाच्या डोक्यावर जातो, सावलीतला छातीपर्यंत.

जुलैअखेरीस शेंड्याला गडद तांबडं बोंड धरतं, अननसाच्या झाडात नुकत्याच धरलेल्या फळाएवढं, खवल्याखवल्यांचं. आणि त्या बोंडातून रोज सकाळी एखादं-दुसरंच फूल उमलतं. पांढरं, कडा चुरगळलेल्या मलमलीसारख्या, गळ्यात पिवळा डाग. संध्याकाळी ते मान टाकतं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या खवल्यातून नवं. असं कित्येक आठवडे चालतं. सकाळी सातच्या सुमारास काळा भुंगा येतो, अख्खा आत शिरतो, आणि बाहेर येताना त्याची पाठ परागाने पांढरट झालेली असते. बोंडावर मुंग्या कायम फिरताना दिसतील, त्यांना मारू नका. खवल्यांना बारीक गोड रस सुटतो, त्यासाठी त्या येतात.

लावायची पद्धत सोपी आहे. दोन डोळे असलेला गड्ड्याचा तुकडा, दोन बोटं खोल, आडवा. मेअखेरीस. खाली शेणखत, वर फणसाचाच पाचोळा. गड्डा नसेल तर हातभर लांब जून खोड कापून ओल्या वाळूत आडवं ठेवा, पेरापेरातून रोपं येतात. न्हाणीचं साबणाचं पाणी त्याला चालतं, माझ्या धाकट्या जावेकडे वर्षानुवर्षं त्यावरच आहे. फिनाईल आणि ब्लीचिंग मात्र तिकडे जाऊ देऊ नका.

दोन त्रास आहेत, तेही सांगते. एक म्हणजे तो पसरतो. चार हातांचा वाफा तिसऱ्या वर्षी भरून टाकेल आणि गडग्याखाली शिरायला बघेल. दर मे महिन्यात कडेचे गड्डे काढून वाटावेत. दुसरा त्रास गोगलगायींचा. कोंब वीतभर असतानाच त्या रात्रीत शेंडा खातात. मी संध्याकाळी सातला कंदील घेऊन फिरायची, आता बॅटरी घेऊन फिरते, आणि वेचून बादलीत टाकते. पहिला महिना एवढं केलं की पुढे खोड टणक होतं आणि त्यांचा जोर चालत नाही.

आणि तुमच्या मनातली खरी गोष्ट, माटोळी. आमच्या घरी पेवाचं बोंड माटोळीला बांधतो. फूल टिकत नाही, पण तांबडं बोंड दीड दिवस काय, पाच दिवस तसंच्या तसं राहतं. कळलावीचं उलट आहे, तिचं फूल चवथीला हाताशी असेलच असं नाही. आमच्या गडग्यावर ती जुलैच्या दुसऱ्या आठवड्यापासून फुलते. गेल्या वर्षी चवथ २७ ऑगस्टला होती, तेव्हा भरपूर मिळाली. २०२४ ला ७ सप्टेंबरला होती, तेव्हा वेलावर चार-पाचच उरली होती. यंदा अधिक ज्येष्ठामुळे चवथ थेट १४ सप्टेंबरला आहे. बहुतेक शेंगाच मिळतील. पेव मात्र सप्टेंबरभर ऐन भरात असतो.


दोन नंबरचा मजला, मडगाव

कळलावीच्या बाजूने कुणीतरी बोलायला हवं म्हणून लिहितो. घरात लहान मूल नसेल तर, हे आधीच स्पष्ट करतो. आम्ही दोघंच आहोत.

माझ्याकडे ती सात वर्षं कुंडीत आहे, गॅलरीत, दुसऱ्या मजल्यावर. चौदा इंची कुंडी, तळाला चिऱ्याचे तुकडे, वर तांबडी माती, रेती आणि शेणखत समसमान. कंदाची एक गोष्ट लोकांना ठाऊक नसते: प्रत्येक फाट्याच्या अगदी टोकालाच डोळा असतो, एकच. ते टोक मोडलं की तो फाटा संपला, बटाट्यासारखा दुसरीकडून फुटत नाही. म्हणून कंद अंड्यासारखा धरायचा आणि आडवा ठेवायचा. मी हातमोजे घालतो, नंतर हात साबणाने धुतो.

आधाराला काय द्यायचं यात मी पहिल्या वर्षी चुकलो. जाड बांबू रोवला. वेल वर गेला आणि वाऱ्यात आडवा झाला. मग जवळून पाहिलं. तिला वेगळे तणावे नसतात, पानाचंच टोक लांब होऊन वळतं आणि धरतं. ते टोक एवढं नाजूक की पेन्सिलीहून जाड काही त्याला धरता येत नाही. आता मी बोगनवेलीच्या छाटलेल्या काटक्या रोवतो किंवा सुतळी सोडतो. चार दिवसांत ती सुतळीला दोन वेढे देते.

आणि फूल! कळी हिरवी असते, मान खाली घालून. उमलताना पाकळ्या खाली न पसरता मागे वर वळतात, कडा नागमोडी. पहिल्या दिवशी हिरवट पिवळ्या, मग तळाशी पिवळं आणि टोकाला तांबडं, आणि पाच-सहा दिवसांनी सगळं फूल लाल. एकाच वेलावर एकाच वेळी हे सगळे रंग असतात. सहा पुंकेसर चाकाच्या आऱ्यांसारखे बाहेर, आणि स्त्रीकेसर मात्र देठाजवळ काटकोनात मोडून एका बाजूला निघालेला. असं का, तर आपलेच पराग आपल्याला लागू नयेत म्हणून. गॅलरीत फुलपाखरं कमी येतात, तेव्हा मी बारीक कुंचल्याने एका वेलाचे पराग दुसऱ्याला लावतो. तेव्हाच शेंगा धरतात.

अळ्यांबद्दलही सांगून ठेवतो. काळी अळी, अंगावर पांढरे ठिपके आणि तांबडे डाग, ऑगस्टात येते. लिली पतंगाची अळी ती. इतकं विषारी पान तिला पचतं. पहिल्यांदा मी सगळ्या वेचून फेकल्या. आता दोन वेल तिच्यासाठी सोडतो.


निवृत्त परिचारिका, फोंडा

केरीच्या ताईंनी काटेकणगीचं लिहिलं ते प्रत्येकाने वाचावं. मी नोकरीत असताना असा एक रुग्ण पाहिला आहे, म्हणून थोडं जोडते.

कळलावी पोटात गेली तर त्रास लगेच होत नाही. काही तास माणूस बरा दिसतो, मग तोंडा-घशात जळजळ, उलट्या, जुलाब सुरू होतात. लोकांना वाटतं बाहेरचं काही खाल्लं असेल, आणि पहिला दिवस घरीच जातो. तो दिवस फार महत्त्वाचा असतो, कारण मूत्रपिंड, यकृत आणि रक्तावरचा परिणाम नंतर दिसतो. मुलाच्या हातात कंद किंवा बी दिसली, खाल्ल्याचा नुसता संशय आला, तरी लक्षणांची वाट बघू नका. १०८ ला फोन करा किंवा जवळच्या इस्पितळात न्या, आणि वनस्पतीचा तुकडा पिशवीत घालून बरोबर न्या. घरी मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका.

पर्वरीच्या ताई, पेवसुद्धा नातीला खाऊ घालायची गोष्ट नाही. पण तो दारात असला म्हणून तुमची झोप उडायचं कारण नाही.


तुळशीकट्टा, पर्वरी

तुम्हां सगळ्यांचे मनापासून आभार. काटेकणगीचा भाग वाचला आणि बराच वेळ काही सुचेना. आमच्याकडेही तुळशीच्या लग्नाला कणगी असतात. पेवच लावणार, ठरलं.

पण एक घोटाळा झालाय. काल इथल्या एका नर्सरीत गेले, पेव आहे का विचारलं. त्यांनी एक कुंडी दिली, पानं तशीच वळणावर लागलेली, दोनशे रुपये. घरी आल्यावर लेक म्हणाली हे इन्शुलिनचं झाड आहे, मधुमेहाला पानं खातात ते. पेव तोच का?


कुळागर, केरी-सत्तरी

ताई, तो पेव नव्हे. चुलतभाऊ म्हणा. कूळ एकच, म्हणून खोडाचं वळण सारखं. पण इन्शुलिनचं झाड म्हणून जे विकतात ते ब्राझीलकडचं आहे, त्याला नारिंगी फूल येतं आणि ते गुडघ्या-मांडीएवढंच वाढतं. आपला पेव आपल्या रानातला आहे, पुस्तकात त्याला कॉस्टस स्पेशिओसस म्हणायचे, आता हेलेनिया स्पेशिओसा म्हणतात. फूल आल्याशिवाय ओळखायचं तर पान उलटं करून बोट फिरवा. आपल्या पेवाची मखमल हाताला लागते. त्या दुसऱ्याचं पान गुळगुळीत, बऱ्याचदा खालून जांभळट. कुंडी परत घेत असतील तर द्या. नाही तर पुढच्या दारी ठेवा, दिसायला बरं असतं. मधुमेहाची गोळी मात्र त्याच्या भरवशावर कुणी सोडू नका.

तुम्ही विकत घेऊच नका. मी १५ मेच्या शुक्रवारी पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याच्या साठवणीच्या, खरेदीला म्हापशाच्या बाजारात येणार आहे. सुकी मिरची, कोकम, मीठ, आमचं सगळं तिथूनच असतं. येताना पेवाचे चार गड्डे ओल्या गोणपाटात बांधून आणते. तुम्ही फक्त एक पिशवी आणा.

आणि आणखी एक. रात्री तुमचं पहिलं लिखाण पुन्हा वाचलं. तो ओला पंचा काही डोळ्यांपुढून जाईना. कळलावी नको म्हणाले मी, पण ते त्या जागेपुरतं आणि आजच्यापुरतं. तुमच्या घराला गच्ची आहे का? टाकीच्या बाजूला, शिडीशिवाय जाता येत नाही अशी जागा? असेल तर गड्ड्यांबरोबर मी कळलावीच्या दहा-बारा बियाही देते, गेल्या ऑक्टोबरच्या आहेत. कंद देत नाही, मुद्दाम. बियांचं साल फार टणक असतं, त्या उगवायला वेळ घेतात. काही या पावसात उगवतील, काही पुढच्या. पहिल्या वर्षी गवतासारखी चार पानं येतात आणि खाली वाटाण्याएवढा कंद धरतो, बस. दुसऱ्या वर्षी थोडा वेल. फूल यायला तिसरा किंवा चौथा पावसाळा उजाडतो. तोपर्यंत नात पाच-सहा वर्षांची होईल. हे फूल बघायचं, तोंडात घालायचं नाही, हे सांगितलेलं तिला कळेल.

पेराल तेव्हा आठ इंची कुंडीत पेरा, नखाएवढ्या खोलीवर. दिवाळीनंतर पानं गेली की कुंडी टाकीच्या सावलीत आडोशाला सरकवा आणि पाणी पूर्ण बंद करा. त्या कुंडीवर रंगाने मोठी खूण करा, लाल फुली घाला. सुकल्यावर ती रिकामी कुंडी वाटते आणि घरातलंच कुणीतरी ती माती दुसरीकडे उपडी करतं.

बाजारातल्या कंदांबद्दलही सांगते. आमच्या केरीच्या सड्यावर, चोर्ल्याच्या वाटेला, पूर्वी जुलैत रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी ती दिसायची. आता मोजून दिसते. फुलं खुडली तर वेल पुढच्या वर्षी पुन्हा येतो. कंद उपटला तर तिथली कळलावी संपली. अभयारण्यातून काहीही उपटून आणायला तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यानेच बंदी आहे, पण सडा आणि डोंगर काही सगळे अभयारण्यात येत नाहीत. विकायला बसणाऱ्या बायकांना मी दोष देत नाही, त्यांच्या घरात चवथ त्याच पैशांवर होते. मी दरवर्षी त्यांना विचारते, बाये, कंद का आणलास, नुसती फुलं आण, तेवढेच पैसे देते. दोघीतिघी आता तशाच आणतात.


आजी, म्हापसा

कळा बाळंतिणीच्या, हे मला ठाऊक नव्हतं. सासूबाईंनी सांगितलं तेवढंच धरून चालले. केरीच्या बाये, १५ तारखेला मीही बाजारात असेन. माझ्या न्हाणीमागे जागा आहे, दोन गड्डे मलाही आण.


तुळशीकट्टा, पर्वरी

गच्ची आहे आणि टाकीवर जायला लोखंडी शिडीच आहे. बिया नक्की घेईन.


तुळशीकट्टा, पर्वरी

२८ जून. कळवायचं राहून गेलं होतं. चारपैकी तीन गड्डे फुटलेत, सगळ्यात मोठा कोंब आज मोजला, टाचेपासून माझ्या अर्ध्या पोटरीपर्यंत आलाय. एक कोंब गोगलगायींनी खाल्ला, त्या दिवसापासून रात्री जेवणाआधी बॅटरी घेऊन जाते. नात बादली धरते आणि मोजते. तिला पाचपर्यंतच आकडे येतात, म्हणून पाच झाल्या की पुन्हा एकपासून.

टाकीजवळच्या कुंडीत अजून काही नाही. लाल फुली घातली आहे. काल पावसाने थोडा रंग उतरला, उद्या पुन्हा मारते.

केरीच्या ताई, एक विचारायचं होतं. पेवाच्या एका पानावर कडेने तपकिरी पट्टा आलाय, पश्चिमेच्या बाजूच्या पानावरच. ऊन लागतंय का?


कुळागर, केरी-सत्तरी

हो, तीन वाजताचं ऊन. पाऊस एकदोन दिवस उघडला की असं होतं. चुडताचा (माडाच्या झावळीचा) एक आडोसा त्या बाजूला उभा करा, जुलैत काढून टाका. पान कापू नका, अर्धं हिरवं आहे तोवर ते काम करतं.